दंतचक्रांचा कारागीर : एमिल लेव्हासॉर

पॅरिस शहराच्या पश्चिम वेशीवर, पोर्त मायो येथे, एक दगडी शिल्प उभे आहे. कमानीतून बाहेर पडणारी जुन्या घडणीची मोटारगाडी, तिच्यावर ताठ बसलेला चालक आणि भोवताली जमलेली माणसे असा त्याचा विषय. ज्यूल दालू या नामवंत शिल्पकाराने त्याची आखणी केली. त्यांच्या निधनानंतर कामीय लफेव्र यांनी ते पूर्ण केले आणि १९०७ साली ते लोकांसमोर आले. सेनापतींच्या आणि कवींच्या पुतळ्यांनी भरलेल्या त्या शहरात एका यंत्रज्ञाला हा मान मिळाला. त्या यंत्रज्ञाचे नाव एमिल लेव्हासॉर.

मोटारीच्या इतिहासात कार्ल बेंझ आणि गोटलीब डाइमलर यांच्या पाठोपाठ हे नाव घेतले जाते. आपल्याकडे मात्र ते फारसे उच्चारले जात नाही. वास्तविक, घाट चढताना तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकायला जावे आणि पायाखालून करकर असा आवाज यावा, हा अनुभव ज्याला आहे त्याचे लेव्हासॉर यांच्याशी नाते आहे. तो आवाज ज्या यंत्ररचनेतून येतो, ती रचना रूढ करणारा हा माणूस. त्यांचे चरित्र वाचताना त्या आवाजाचे मूळही उलगडते आणि ते उलगडले, की गाडी गॅरेजमध्ये नेण्यापूर्वी दोष कोठे असावा याचा अंदाज बांधणेही सोपे जाते.

करवतीच्या कारखान्यात

लेव्हासॉर यांचा जन्म १८४३ सालच्या जानेवारीत पॅरिसच्या दक्षिणेकडील मारोल-आँ-युरपुआ या खेड्यात झाला. अभियांत्रिकीचे शिक्षण देणाऱ्या एकोल सांत्राल या प्रख्यात संस्थेतून ते १८६४ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. त्याच संस्थेत शिकलेले रने पानार पुढे त्यांचे आयुष्यभराचे भागीदार झाले. शिक्षणानंतर लेव्हासॉर यांनी बेल्जियममधील कॉकरिल यांच्या अवाढव्य पोलाद कारखान्यात काही काळ उमेदवारी केली. लोखंडाशी त्यांची खरी ओळख तेथे झाली.

पानार यांनी पेरँ नावाच्या कारागिराबरोबर भागीदारी केली होती. पेरँ यांची ख्याती लाकूड कापणाऱ्या यंत्रांसाठी होती. अखंड पोलादी पट्टीची, सतत फिरणारी करवत हे त्यांच्या कारखान्याचे वैशिष्ट्य. १८७२ च्या सुमारास लेव्हासॉर या कारखान्यात दाखल झाले. पेरँ यांचे १८८६ मध्ये निधन झाल्यावर कारखान्याचे नाव पानार आणि लेव्हासॉर असे झाले.

लाकूडकामाच्या यंत्रांचा हा कारखाना मोटारीकडे वळला तो गॅस इंजिनांच्या वाटेने. जर्मनीतील ड्यूट्झ कंपनीचे पॅरिसमधील प्रतिनिधी एद्वार साराझँ हे लेव्हासॉर यांचे स्नेही. त्यांच्यासाठी हा कारखाना गॅस इंजिने बांधून देत असे. गोटलीब डाइमलर हेही त्या काळी ड्यूट्झमध्येच होते. पुढे डाइमलर यांनी ती नोकरी सोडली आणि विल्हेल्म मायबाख यांच्या साहाय्याने हलके, वेगाने फिरणारे पेट्रोल इंजिन तयार केले. त्याचे फ्रान्समधील काम साराझँ यांनी स्वतःकडे घेतले आणि इंजिन बांधण्यासाठी लेव्हासॉर यांचाच कारखाना निवडला.

लुईझ यांनी पाळलेला शब्द

१८८७ च्या डिसेंबरात साराझँ यांचे अकाली निधन झाले. मृत्यूपूर्वी त्यांनी पत्नी लुईझ यांना डाइमलर यांच्याशी असलेला संबंध तुटू देऊ नका, असे कळकळीने सांगितले होते. या इंजिनाचे भवितव्य काय असणार, याची त्यांना पूर्ण जाणीव होती.

एकोणिसाव्या शतकातील एका विधवेने परदेशी उद्योजकाशी व्यवहाराची बोलणी करणे सोपे नव्हते. लुईझ यांनी ते केले. डाइमलर यांना पत्रे लिहिली, प्रत्यक्ष भेट घेतली आणि फ्रान्स व बेल्जियमसाठी इंजिनाचे हक्क आपल्याकडे राखले. या सर्व काळात तांत्रिक बाजू लेव्हासॉर सांभाळत होते. १८९० च्या मे महिन्यात दोघांचा विवाह झाला आणि हे हक्क पानार-लेव्हासॉर कारखान्याच्या कामी आले. फ्रान्समधील मोटार उद्योगाची पायाभरणी या एका शब्दपालनावर झाली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. कारण आर्माँ प्यूजो यांनी आपल्या आरंभीच्या पेट्रोल गाड्यांसाठी इंजिने घेतली तीही याच कारखान्यातून.

ओबडधोबड, पण चालणारे

इंजिन हाती आले, तरी ते गाडीत बसवावे कसे हा प्रश्न शिल्लक होता. तोपर्यंतच्या बहुतेक गाड्या म्हणजे घोड्याविना घोडागाडी. बसण्याच्या जागेखाली किंवा मागे इंजिन दडवायचे आणि चामडी पट्ट्यांनी ते चाकांना जोडायचे, ही सर्वसाधारण पद्धत. लेव्हासॉर यांनीही सुरुवातीला इंजिन मधोमध बसवून पाहिले. मग १८९१ मध्ये त्यांनी ते उचलून पुढे, चालकाच्या समोर आणले. इंजिनाच्या मागे घर्षणावर चालणारा क्लच, क्लचच्या मागे वेग बदलणारी दंतचक्रे आणि तेथून साखळीने मागच्या चाकांना गती अशी सरळ ओळ त्यांनी मांडली. पुढील चाकांवर वजन आल्यामुळे गाडी वळवताना पकड सुधारली, धूळचिखलापासून इंजिन दूर राहिले आणि दुरुस्तीसाठी हात घालायला जागा मिळाली. या मांडणीला पुढे पानार पद्धती असे नाव पडले. कित्येक दशके जगातील बहुतेक मोटारी याच पद्धतीने बांधल्या गेल्या आणि आजचे ट्रकही बहुतांशी त्याच वळणाचे आहेत.

वेगबदलासाठी लेव्हासॉर यांच्यासमोर दोन मार्ग होते. बेंझ यांच्या गाड्यांत निरनिराळ्या आकाराच्या कप्प्यांवरून पट्टे फिरत. ही रचना आवाज करत नसे. पण पावसात पट्टा घसरे, उन्हात सैल पडे आणि चढावर दगा देई. दुसरा मार्ग दंतचक्रांचा होता. डाइमलर आणि मायबाख यांनी १८८९ च्या आपल्या गाडीत दंतचक्रे वापरली होती. लेव्हासॉर यांनी हा दुसरा मार्ग पत्करला. दोन समांतर दांड्यांवर लहानमोठी चक्रे बसवायची आणि तरफ सरकवून हवी ती जोडी एकमेकांत अडकवायची, अशी ही सरकत्या दंतचक्रांची योजना. आरंभी ही चक्रे उघडीच असत. वंगण आणि रस्त्यावरची धूळ त्यांच्यावर एकत्रच बसे. काही वर्षांतच ती बंद पेटीत गेली आणि तेलात फिरू लागली.

या योजनेत एक उघड दोष होता आणि तो लेव्हासॉर यांना इतर कोणाहीपेक्षा अधिक कळत होता. फिरत असलेल्या एका चक्राचे दात दुसऱ्या फिरत्या चक्राच्या दातांत शिरवायचे, तर दोन्हींचा वेग जुळायला हवा. तो जुळला नाही, की दातांची टोके एकमेकांवर आपटतात. पोलादावर पोलाद खरडण्याचा कर्कश आवाज होतो, टोके बोथट होतात, कधी कपचाही उडतो. ही पद्धत रानटी आहे, परंतु काम भागते, अशा आशयाचा शेरा त्यांनी स्वतःच मारल्याचे सांगितले जाते. शेरा त्यांचा असो वा नसो, त्यांची वृत्ती त्यात नेमकी उमटली आहे. निर्दोष रचनेची वाट पाहत बसण्यापेक्षा भरवशाची रचना आज रस्त्यावर आणावी, हा त्यांचा बाणा होता.

वेग जुळवण्याचे गणित

हा दोष म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणाने समजून घेऊ. समजा, एका गाडीच्या तिसऱ्या गिअरचे प्रमाण दीडास एक आणि दुसऱ्याचे दोनास एक आहे. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेत असेल, तर गिअरपेटीतून बाहेर पडणारा दांडा १२०० फेरे घेतो. गाडीचा वेग तोच ठेवून दुसरा गिअर टाकायचा, तर बाहेरचा दांडा १२०० वरच राहील. मात्र आतल्या बाजूला २४०० फेरे लागतील. म्हणजे ६०० फेऱ्यांची तफावत डोळ्याचे पाते लवते न लवते तोच भरून काढायची आहे.

लेव्हासॉर यांच्या काळातील चालक ही तफावत पायाने आणि कानाने भरून काढत असे. क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणायचा, क्लच सोडून इंजिनाला किंचित उचल द्यायची, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर सरकवायचा. वरचा गिअर टाकताना उचल न देता क्षणभर थांबायचे, म्हणजे आतला दांडा मंदावतो. ही दुहेरी क्लचची रीत साधली, की दात लोण्यात सुरी जावी तसे एकमेकांत बसत. ती न साधणाऱ्याची गाडी दुरूनच ओळखू येई.

अठ्ठेचाळीस तास आणि अठ्ठेचाळीस मिनिटे

आपल्या रचनेवर लेव्हासॉर यांचा विश्वास केवळ कागदावरचा नव्हता. १८९१ च्या उन्हाळ्यात ते आपल्या गाडीतून पॅरिसहून नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील एत्रता गावापर्यंत गेले. १८९४ च्या जुलैमध्ये एका फ्रेंच दैनिकाने पॅरिस ते रुआँ अशी मोटारींची चाचणी भरवली; तिचे पहिले पारितोषिक पानार-लेव्हासॉर आणि प्यूजो यांना विभागून देण्यात आले.

खरी कसोटी पुढच्या वर्षी आली. पॅरिसहून बोर्दो आणि तेथून परत पॅरिस, असे ११७८ किलोमीटरचे अंतर थांबा न घेता काटायचे होते. ११ जून १८९५ रोजी गाड्या निघाल्या. लेव्हासॉर यांचे वय तेव्हा ५२ होते. त्यांच्या गाडीचे इंजिन जेमतेम चार अश्वशक्तीचे, चाकांना भरीव रबर, वळवण्यासाठी गोल चक्राऐवजी होडीच्या सुकाणूसारखा दांडा, अंगावर ना छप्पर ना काच. रात्रीच्या अंधारात तेलाच्या दिव्यांच्या मिणमिणत्या उजेडावर खड्डे चुकवायचे आणि प्रत्येक चढाला, प्रत्येक गावाच्या वळणाला ती सरकती चक्रे एकमेकांत अडकवायची.

ठरल्याप्रमाणे रुफेक येथे दुसरा चालक त्यांची जागा घेणार होता. परंतु लेव्हासॉर अपेक्षेपेक्षा खूपच लवकर पोहोचले आणि तो चालक झोपेत होता. त्याला उठवून वेळ दवडण्यापेक्षा लेव्हासॉर तसेच पुढे निघाले. बोर्दोला वळसा घालून परततानाही त्यांनी गाडी दुसऱ्याच्या हाती दिली नाही. १३ जूनला दुपारी ते पॅरिसला पोहोचले तेव्हा ४८ तास आणि ४८ मिनिटे उलटली होती. ताशी सरासरी वेग चोवीस किलोमीटरच्या आसपास पडला. दुसऱ्या क्रमांकाची गाडी सुमारे सहा तास मागे होती.

पहिले पारितोषिक मात्र त्यांना मिळाले नाही. स्पर्धेच्या नियमानुसार ते दोनपेक्षा अधिक आसनांच्या गाडीसाठी राखून ठेवले होते आणि लेव्हासॉर यांची गाडी दोन आसनांची होती. त्यांच्यानंतर अकरा तासांनी आलेल्या चार आसनी प्यूजोला तो मान गेला. आज त्या विजेत्याचे नाव अभ्यासकांना शोधून काढावे लागते. लोकांच्या लक्षात राहिला तो दोन दिवस आणि दोन रात्री एकट्याने गाडी हाकणारा बावन्न वर्षांचा यंत्रज्ञ. त्या प्रवासाने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली. रानटी म्हणून हिणवलेली दंतचक्रे हजार किलोमीटरनंतरही शाबूत होती.

अकाली अंत

१८९६ च्या सप्टेंबरात पॅरिस-मार्सेय-पॅरिस ही आणखी लांब पल्ल्याची स्पर्धा झाली. दक्षिणेकडे जाताना लापालू गावाजवळ एक कुत्रा आडवा आला आणि गाडी उलटून लेव्हासॉर रस्त्यावर फेकले गेले. दांड्याने वळणाऱ्या गाडीत असा धक्का सावरणे फार कठीण असे. पुढच्या काही वर्षांत गोल चक्र सर्वत्र रूढ झाले. ती स्पर्धा पानार-लेव्हासॉरच्याच गाडीने जिंकली, पण विजेत्या गाडीवर एमील मायाद हे चालक होते.

त्या दुखापतीतून लेव्हासॉर पूर्णपणे सावरले नाहीत. तरीही ते कामावर येत राहिले. १४ एप्रिल १८९७ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कारखान्याची धुरा आर्त्यूर क्रेब्स यांच्याकडे गेली. पानारच्या प्रवासी मोटारींचे उत्पादन त्यानंतर सत्तर वर्षे, म्हणजे १९६७ पर्यंत चालू राहिले.

आवाज दाबणारी माणसे

लेव्हासॉर यांनी मागे ठेवलेला दोष दूर करण्यासाठी पुढच्या पिढीला तीस वर्षे लागली. लुई रनो यांनी १८९८ मधील आपल्या पहिल्या गाडीत सर्वांत वरच्या गिअरमध्ये शक्ती दंतचक्रांना वळसा घालून थेट मागे नेली, त्यामुळे निदान सरळ रस्त्यावर तरी गोंगाट थांबला. पुढे चक्रे सरकवण्याऐवजी ती कायम एकमेकांत अडकलेलीच ठेवायची आणि त्यांच्या बाजूच्या छोट्या दातांची कडी तेवढी सरकवायची, अशी सुधारणा झाली. वेग जुळवण्याचे काम तरीही चालकाकडेच राहिले.

ते काम यंत्रावर सोपवले अमेरिकेतील अर्ल थॉम्पसन यांनी. त्यांची सिंक्रोमेश रचना १९२८ मध्ये कॅडिलॅक गाड्यांतून प्रथम बाजारात आली. दात भिडण्यापूर्वी एक शंकूच्या आकाराची कडी दुसऱ्या शंकूवर घासते. त्या घर्षणाने मंद भाग वेग घेतो किंवा वेगवान भाग मंदावतो आणि दोन्ही सारखे झाले की दात निमूटपणे आत शिरतात. ही कडी पुढे सर्वसाधारणपणे पितळेची होऊ लागली. दुहेरी क्लचची कसरत जी पितळी कडी आपल्यासाठी करते, तिलाच गॅरेजमध्ये सिंक्रो रिंग म्हणतात.

करकर कोठून येते?

आता आपल्या गाडीकडे वळू. आजच्या गाडीत गिअर करकरतो तेव्हा मुख्य दंतचक्रे घासत नसतात. ती तर कायमच एकमेकांत असतात. घासतात ते बाजूचे छोटे दात. आणि ते घासतात याचा अर्थ एवढाच, की त्या क्षणी दोन भागांचे वेग जुळलेले नाहीत. न जुळण्याची मुख्य कारणे दोन. एक, क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणून इंजिन आतल्या दांड्याला फिरवतच राहते. दोन, क्लच सुटतो, पण सिंक्रो रिंग झिजल्याने आपले काम करू शकत नाही. पहिल्या दोषाची दुरुस्ती बहुधा गिअरपेटी न उघडता होते. दुसऱ्यासाठी ती उतरवून उघडावी लागते. खर्चात मोठा फरक पडतो, म्हणून निदान क्रमाने करावे.

प्रथम गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक ओढून आणि इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहावेत. इंजिन बंद असतानाही एखादा गिअर अडत असेल, तर दोष गिअरच्या दांड्याच्या जोडणीत किंवा त्याच्या केबलमध्ये असण्याचा संभव अधिक.

मग इंजिन सुरू करावे. क्लच पूर्ण दाबून मनात दहापर्यंत आकडे मोजावेत आणि रिव्हर्स गिअर टाकावा. क्लच नीट सुटत असेल, तर एवढ्या वेळात आतला दांडा थांबलेला असतो आणि गिअर आवाज न करता पडतो. इतके थांबूनही करकर झाली, तर क्लच ओढत आहे असे समजावे. केबल असलेल्या गाडीत ती सैल झाली आहे का, हे प्रथम पाहावे. तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असेल, तर डबीतील तेलाची पातळी, मास्टर व स्लेव्ह सिलिंडरमधील गळती आणि नळीत शिरलेली हवा तपासावी. पेडलखाली सरकून आलेली पायपुसणीही पेडल पूर्ण दाबू देत नाही; तीही बाजूला करून पाहावी. हे सर्व ठीक असेल, तर क्लच प्लेट वाकलेली किंवा चिकटत असण्याची शंका घ्यावी.

क्लच या परीक्षेत उत्तीर्ण झाला, तर गाडी मोकळ्या रस्त्यावर न्यावी आणि कोणता गिअर करकरतो याची नोंद ठेवावी. एकच गिअर, विशेषतः वरून खाली येताना दुसरा किंवा तिसरा, आवाज करत असेल तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजल्याचे ते लक्षण आहे. खात्री करायची असल्यास लेव्हासॉर यांच्या काळातील दुहेरी क्लचची रीत वापरावी. तिने आवाज नाहीसा झाला, तर सिंक्रो रिंगचे काम आपण पायाने केले हे सिद्ध होते. ही चाचणी क्लचच्या चाचणीआधी मात्र करू नये. ओढणाऱ्या क्लचचा आवाजही या रीतीने झाकला जातो आणि निदान चुकते.

सगळेच गिअर थोडेथोडे करकरत असतील आणि क्लच निर्दोष असेल, तर गिअर ऑइलकडे पाहावे. ते कमी झाले असेल, जुने झाले असेल किंवा चुकीच्या दर्जाचे भरले असेल, तर पितळी कड्यांची पकड बिघडते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच तेल भरावे. अधिक महाग किंवा अधिक दाट तेल भरल्याने गिअर सुधारतो, हा समज निराधार आहे. काढलेल्या तेलात पिवळसर चकचकीत कण दिसले तर ते कड्यांच्या झिजेचे, आणि पोलादी कपचे दिसले तर दात तुटल्याचे चिन्ह. दुसऱ्या प्रसंगी गाडी पुढे चालवू नये.

करकर आणि घरघर यांतही फरक करावा. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि पेडल दाबताच थांबते, तर गिअरपेटीच्या आतल्या दांड्याचे बेअरिंग संशयास्पद आहे. उलट पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर क्लचचे रिलीज बेअरिंग झिजले आहे. टाकलेला गिअर आपोआप सुटत असेल, तर छोट्या दातांची टोके बोथट झालेली असू शकतात किंवा इंजिनाचे माउंटिंग ढिले झालेले असू शकते. आपल्या नोंदी मेकॅनिकला क्रमाने सांगितल्या, तर त्याचे काम हलके होते आणि विनाकारण गिअरपेटी उतरवण्याची पाळी येत नाही.

बहुतेक वेळा झीज सवयीतून येते. क्लच अर्धवट दाबून गिअर रेटणे, गाडी पूर्ण थांबण्याआधी रिव्हर्स टाकणे आणि सारा वेळ हात गिअरच्या दांड्यावर टेकवून ठेवणे या तीन सवयी सोडल्या, तर सिंक्रो रिंगचे आयुष्य निश्चित वाढते. घाट उतरताना आणि चढताना गिअर बदलायचा असेल, तर अडखळलेला दांडा जोराने रेटू नये. न्यूट्रलमध्ये आणून पुन्हा टाकावा.

रिव्हर्सचा उल्लेख वर दोनदा आला, त्याचे कारण आहे. पुढच्या गिअरना सिंक्रोमेश मिळाले, पण असंख्य गाड्यांमध्ये रिव्हर्ससाठी ती सोय नसते. तेथे सरळ दातांचे एक मधले चक्र दांड्यावर सरकत येते आणि इतर दोन चक्रांत शिरते. मागे जाताना अशा गाडीतून जो उंच, कण्हल्यासारखा सूर येतो तो त्या सरळ दातांचा. गाडी किंचितही पुढे सरकत असताना रिव्हर्स टाकला की जी करकर होते, ती १८९१ मध्ये पॅरिसच्या कारखान्यात ऐकू येणाऱ्या आवाजाची सख्खी बहीण आहे. बाकी सगळे गिअर बदलले. रिव्हर्समध्ये लेव्हासॉर यांची रचना अजून तशीच काम करते आहे. तिला जे तेव्हा हवे होते तेच आजही हवे असते : गाडी पूर्ण थांबवावी, क्लच शेवटपर्यंत दाबावा आणि दोन क्षण वाट पाहावी.